परक्यांच्या कॅमेऱ्यातील आपले शौर्य

सप्टेंबर १९५३. कोरियातील छावणीत युद्धकैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरले. मेजर जनरल शंकरराव थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह क्षुब्ध कैद्यांच्या कुंपणात शिरले आणि रक्तपात न होऊ देता त्याला सोडवून घेऊन आले. बावीस हजारांहून अधिक कैदी सांभाळणाऱ्या भारतीय सेनेचे हे सेनानी कोल्हापूरचे. कोरियाच्या संदर्भात नेहरूंच्या मुत्सद्देगिरीचे पोवाडे पुष्कळ गायले गेले. थोरातांच्या त्या पराक्रमाचे चित्र मात्र कोल्हापुरातल्या किती मुलांच्या डोळ्यांसमोर आहे?

याचे कारण उघड आहे. अमेरिकी सेनेने आपल्या सिग्नल कोअरचे छायाचित्रकार रणभूमीवर धाडले आणि त्यांचे काम राष्ट्रीय अभिलेखागारात जनतेसाठी खुले ठेवले. ब्रिटिशांनी १९४१ मध्ये छायाचित्रण व चित्रपटासाठी स्वतंत्र लष्करी तुकडी उभारली. तिच्यातील माणसे आधी सैनिक, मग छायाचित्रकार. प्रत्येक रिळासोबत स्थळ, दिनांक व प्रसंगाची नोंद लिहिण्याचा त्यांचा दंडक होता. इटलीत १९४४ मध्ये यशवंत घाडगे यांनी आणि १९४५ मध्ये नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. पण त्या रणांगणावरील मराठा पलटणींची छायाचित्रे पाहायची, तर आजही लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचेच दार ठोठवावे लागते. पराक्रम आपला, दृष्टी परक्यांची!

स्वातंत्र्यानंतर तरी हे पारतंत्र्य संपायला हवे होते. श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात सुमारे बाराशे भारतीय जवानांनी प्राण वेचले. वाघांच्या संघटनेने तिथे कॅमेरा शस्त्रासारखा वापरला. आपल्या जवानांची बाजू मात्र मुकीच राहिली. मायदेशी परतलेल्या त्या सैन्याच्या वाट्याला कौतुकापेक्षा उपेक्षा आली, यात नवल ते काय?

काहींच्या मते आता प्रत्येक जवानाच्या खिशात मोबाइल आहे, मग वेगळा छायाचित्रकार कशाला? हा युक्तिवाद भाबडा आहे. नाव, गाव, तारीख नसलेले चित्र चार दिवस मिरवते आणि हरवते. इतिहासाला पुरावा लागतो. गोपनीयतेचे कारणही अपुरे आहे. गुप्त ते काही वर्षे कुलपात ठेवता येते, पण जे टिपलेच नाही ते कधीच खुले करता येत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आजवर २ लाख ९० हजारांहून अधिक भारतीयांनी सेवा बजावली आहे. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक तुकडीसोबत प्रशिक्षित लष्करी छायाचित्रकार हवाच आणि त्याचा संग्रह जिल्ह्याजिल्ह्यातील शाळांपर्यंत पोहोचायला हवा. या मागणीत कोल्हापूरने अग्रभागी असावे. १९१८ च्या सुमारास, गुलामीच्या काळात, याच नगरीत बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साहाय्याने स्वदेशी कॅमेरा घडवला होता. परदेशी यंत्रावाचून अडून बसणे त्यांना मान्य नव्हते. स्वतंत्र राष्ट्राने परक्या दृष्टीवाचून अडून बसावे, हे आपण का मान्य करावे?