समजून घ्या : गाणे पुढे पाठवा, पण नावासह

‘नासा’ने १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत पाठवलेल्या तबकडीत देशोदेशीचे सुमारे ९० मिनिटांचे संगीत आहे. त्यात केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. आज असे मिश्रण कुणीही मोबाइलवर जुळवू शकतो.

इस्लापूर ज्या किनवट तालुक्यात येते, तिथे मराठीसोबत गोंडी, कोलामी, बंजारा, तेलुगू, उर्दूही बोलली जाते. दिवाळीत गोंडांची दंडार, होळीत बंजाऱ्यांची लेंगी रंगते.

मात्र ही गाणी पुढे जाताना अनेकदा फक्त ‘लोकगीत’ एवढीच ओळख उरते. केसरबाईंचे नाव टिकले, कारण ते नोंदवले गेले. म्हणून गायक, भाषा, गाव आणि प्रसंग लिहूनच गाणे पाठवावे. नाव गळाले, तर श्रेय आणि मानधन कुणाला देणार?