बिली एकस्टाइनला कोणी अडवलं?

जॅझ गायक बिली एकस्टाइनच्या उतरणीचं खापर बहुतेक वेळा एका छायाचित्रावर फोडलं जातं. २४ एप्रिल १९५० च्या 'लाइफ' मासिकात मार्था होम्सने टिपलेलं ते छायाचित्र छापून आलं. एक गोरी तरुणी खळखळून हसत या कृष्णवर्णीय गायकाच्या छातीवर डोकं टेकते आहे, भोवती तिच्यासारख्याच आणखी काही जणी. संपादक कचरत होते. मालक हेन्री ल्यूसने ते छापायला लावलं. वाचकांची संतप्त पत्रं आली आणि गोऱ्या अमेरिकेने त्याच्याकडे पाठ फिरवली, असं सांगतात. पण 'आय अपॉलोजाइझ' हे त्याचं गाणं गाजलं ते त्यानंतर, १९५१ मध्ये. कुंपण आधीपासूनच होतं; त्या पत्रांनी ते उघड्यावर आणलं इतकंच.

पिट्सबर्गमध्ये १९१४ साली जन्मलेल्या एकस्टाइनचा बॅरिटोन रुंद, संथ, ओळीच्या शेवटी थरथरत रेंगाळणारा. प्रेमगीतासाठीच घडलेला म्हणा ना! तरी अर्ल हाइन्सच्या बँडमध्ये त्याचं नाव झालं ते १९४० च्या 'जेली, जेली' या ब्लूजमुळे, आणि रेकॉर्ड कंपन्यांना पुढेही त्याच्याकडून तेच हवं होतं. काळ्या माणसाने ब्लूज गावा, हसवावं. प्रियकर होण्याचा मान गोऱ्यांचा. एमजीएमने १९४७ पासून त्याच्या प्रेमगीतांच्या तबकड्या काढून पैसा केला. पडद्यावर मात्र 'स्कर्ट्‌स अहॉय!' या १९५२ च्या चित्रपटात त्याच्या वाट्याला आलं ते नाइटक्लबमधलं गाणं.

जॅझचे कट्टर रसिक म्हणतात, त्याने स्वतःच जॅझ सोडून बाजार धरला. १९४४ मध्ये चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी आणि सारा व्हॉन या जॅझच्या दिग्गजांना एका बँडमध्ये आणणाऱ्या माणसाबद्दल हे बोलणं धाडसाचंच. तो बँड १९४७ मध्ये मोडला तेव्हा मोठे बँड पोसणं भल्याभल्यांना जड जात होतं. अधिक वजनदार आक्षेप गायक नॅट किंग कोलच्या उदाहरणाचा: तोही कृष्णवर्णीय, तोही प्रेमगीतं गाणारा, मग त्याला कसं जमलं? कोलची प्रतिमा सौम्य, घरगुती होती. एकस्टाइनचं आकर्षण उघड शारीरिक होतं. आणि कोललाही फारसं कुठे जमू दिलं? १९५६ मध्ये बर्मिंगहॅममध्ये गोऱ्या टोळक्याने त्याच्यावर भर कार्यक्रमात हल्ला केला, आणि त्याच वर्षी सुरू झालेला त्याचा टीव्ही कार्यक्रम देशपातळीवरचा प्रायोजक न मिळाल्याने १९५७ च्या अखेरीस बंद पडला.