म्हाताऱ्या आईचा दाखला



मागच्या गळीत हंगामात आमच्या शेतकी खात्यात एका सभासद भगिनीचे चिरंजीव आले. इंग्लंडला नोकरी, तिथेच कायम झालेले. आई गावी एकटी. तिला तिकडे न्यायचे म्हणून म्हणाले, "साहेब, आईला काहीच उत्पन्न नाही, असं पत्र द्या." आम्ही नोंदवही पुढे केली. ऊस आईच्या नावावर, बिलही तिच्याच खात्यावर. पत्र दिले नाही. गृहस्थ रागावून गेले. पण ते पत्र खोटे तर ठरलेच असते, शिवाय त्याचा फारसा उपयोगही नव्हता.

कारण इंग्लंडने ९ जुलै २०१२ पासून नियम फार कडक केला. आई गरीब आहे का, हा तिथे मुख्य प्रश्न नाही. वय, आजार किंवा अपंगत्वामुळे अंघोळ, कपडे, स्वयंपाक ही रोजची कामे तिला एकटीने जमत नाहीत, आणि मुलाने पैसा पुरवूनही लागेल तशी देखभाल मायदेशी मिळत नाही किंवा परवडत नाही, हे दोन्ही सिद्ध करावे लागते. अर्जही इथूनच करायचा. पाहुणी म्हणून जाऊन तिथे करता येत नाही. अमेरिकेत तसे नाही. तिथला एकवीस वर्षांवरचा नागरिक आईबापांसाठी अर्ज करू शकतो. बघतात ती मुलाची कमाई.

आम्हाला खटकते ते हे, की जो मुलगा इमानाने पैसे धाडतो, बाई कामाला ठेवतो, त्याचाच अर्ज लंगडा पडतो. सोय इथे होतेच आहे, मग तिकडे कशाला, असा सवाल येतो. २०१७ साली तिथल्या अपील न्यायालयातही नियम टिकला. मात्र न्यायालयाने एक मोलाची गोष्ट सांगितली. देखभाल त्या माणसाच्या दृष्टीने वाजवी हवी, आणि त्यात मनाची गरजही धरावी. फक्त तिला तज्ज्ञाचा पुरावा हवा.

म्हणून आमचे सांगणे, उभ्या उसाची नोंद नसेल तर तोड येत नाही, तसेच हे आहे. डॉक्टरांचा "वृद्ध व अशक्त" एवढाच शेरा पुरत नाही. कोणते काम जमत नाही, केव्हापासून, मनावर काय परिणाम झाला, हे त्यांच्याकडून सविस्तर लिहून घ्या. सांभाळणारी बाई सोडून गेली तर कधी व का, तेही टिपून ठेवा. पैसे धाडल्याच्या पावत्या जपा. मुलाच्या जन्माच्या दाखल्यावर आईचे नाव एक आणि आधारवर दुसरे, असा घोळ असेल तर आधी तो निस्तरा.

आणि एक. कागद गोळा करण्याआधी म्हातारीला विचारा, "आई, तुला यायचंय का?" हा दाखला कोणतीही कचेरी मागत नाही, पण आमच्या मते पहिला तोच हवा.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी