फेसामागचा गॅस

अमेरिकेत १९७८ साली कायदा बदलला आणि घरच्या वापरापुरती बिअर बनवणे तिथल्या केंद्रीय कायद्याने वैध ठरले. तेव्हापासून हा छंद तिथे रुजला आहे. काही हौशी मंडळी पाच-सात लिटर बिअर घरी आंबवतात, स्टीलच्या केगमध्ये भरतात आणि सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडून तिला फेस आणतात. या छंदात चवीची चर्चा रंगते. गॅसच्या धोक्याचीही तेवढीच व्हायला हवी.

यामागचे विज्ञान सोपे आहे. द्रवावर वायूचा दाब जितका जास्त, तितका तो वायू द्रवात अधिक विरघळतो, हा विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलेला नियम. द्रव थंड असेल तर वायू आणखी विरघळतो. म्हणून ४ अंश सेल्सिअसला सुमारे १२ पीएसआय दाब पुरतो; २० अंशांना तेवढ्याच फेसासाठी दुपटीहून अधिक दाब लागतो. १९ लिटरच्या केगमध्ये पाचच लिटर बिअर असली तरी हा आकडा बदलत नाही. ‘बिअर कमी, म्हणून दाब कमी’ हे गणित चुकीचे आहे. रिकामी जागा भरायला गॅस तेवढा जास्त लागतो.

योग्य दाबावर फेस मुरायला साधारण आठवडा जातो. तेवढा धीर नसलेले लोक दाब वाढवून केग हलवत बसतात. त्यात बिअर बिघडली तर नुकसान थोडेच. पण सिलिंडरच्या आत खोलीच्या तापमानाला आठशे पीएसआयहून अधिक दाब असतो. रेग्युलेटर न लावता किंवा केगचा सेफ्टी व्हॉल्व्ह बंद करून काम करणे म्हणजे स्फोटाला आमंत्रणच.

त्याहून मोठा धोका गळतीचा. हा वायू हवेच्या दीडपट जड, रंगहीन आणि वासहीन असतो. सव्वादोन किलोचा छोटा सिलिंडर दहा बाय दहाच्या बंद खोलीत पूर्ण रिकामा झाला, तर हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास जाते. अमेरिकेतील कामगार-सुरक्षेच्या निकषांनुसार हीच जिवाला तत्काळ धोका असलेली पातळी. डोके दुखते, धाप लागते, भोवळ येते. पुढे शुद्धही हरपते.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणे गुन्हा आहे. मात्र हेच सिलिंडर आपल्याकडे सोड्याच्या दुकानांत आणि पबच्या कोठारांत असतात. म्हणून नियम सर्वांनाच लागू. सिलिंडर उभा आणि बांधलेला असावा. खोलीत हवा खेळती हवी. जोडण्यांवर साबणाचे पाणी लावून गळती तपासावी. बंद जागेत गॅसचा अलार्म बसवावा. सिलिंडर विकणाऱ्यांनी या सूचना ग्राहकाच्या भाषेत लिहून देणे सक्तीचे व्हायला हवे. आत कुणी बेशुद्ध दिसला, तर मागोमाग धावत शिरू नये. आधी दारे-खिडक्या उघडाव्यात आणि मदत बोलवावी.