नकाशा उणिवांचा असावा, विद्यार्थ्यांचा नव्हे

१८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी पटकीचे मृत्यू नकाशावर मांडले, तेव्हा ते एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेले दिसले. विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठीही नकाशे काढावेत, ही सूचना स्वागतार्ह आहे. परंतु त्यांवर काय मांडावयाचे, हे आधी ठरले पाहिजे.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १८ अन्वये ही सेवा परवडणारी व जातिभेदरहित तर असावीच, पण भौगोलिकदृष्ट्या पोहोचण्याजोगीही असावी. म्हणजे अंतर हा गैरसोयीचा नव्हे, हक्काचा प्रश्न होय. सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२५ मध्ये शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमण्याचा निर्देश दिला आहे.

विलेपार्ल्यात रेल्वेच्या पूर्वेस साठ्ये व डहाणूकर, तर पश्चिमेस मिठीबाई महाविद्यालय व कूपर रुग्णालय आहे. समुपदेशक कोठे आहे, कोणत्या वेळी भेटतो, दिवसा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यास तो गाठता येतो काय, हे नकाशावर यावे.

मात्र उपचार घेणाऱ्या मुलामुलींचे पत्ते त्यावर कदापि येऊ नयेत. आपल्या देशात वस्ती सांगितली की पुष्कळदा जात कळते. कलम २३ ने दिलेला गोपनीयतेचा हक्क येथे मोलाचा आहे. वस्तीवर वेडाचा शिक्का बसला, तर मदत मागावयास कोण येईल?

पालकहो, आपल्या पाल्याच्या महाविद्यालयास समुपदेशकाविषयी लेखी विचारणा करा. तोवर टेली-मानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक अहोरात्र आहेच. विचारणेस उत्तर न आले, तर नकाशावरील ती मोकळी जागाच आपला पुरावा होय.