आधी 108, मग मुलाला फोन

बरखेडा, पिपलानी, गोविंदपुरा या भागात एक चित्र आता ओळखीचं झालं आहे. भेलच्या नोकरीसाठी इथे आलेले आईवडील निवृत्त होऊन भोपाळमध्येच राहिले आणि मुलं पुण्या-बंगळुरूला गेली. घरात कुणाला काही झालं की पहिला फोन मुलाला जातो. मुलगा घाबरतो, तिकडून ओळखीचा डॉक्टर शोधतो, डॉक्टर फोन उचलत नाहीत. तासभर असाच जातो. ताप किंवा गुडघेदुखी असेल तर चालून जातं. लकव्याच्या वेळी मात्र हाच तास सर्वांत महाग पडतो.

लकवा, अर्धांगवायू, स्ट्रोक, काहीही म्हणा. मेंदूची रक्तवाहिनी एकतर गुठळीने बंद होते किंवा फुटते. मोठी वाहिनी बंद राहिली तर मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी मरतात, असा डॉक्टरांचा हिशेब आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. काही निवडक रोग्यांमध्ये तार घालून गुठळी काढता येते, तिथे मुदत 24 तासांपर्यंत जाते. पण त्याआधी सीटी स्कॅन हवाच, कारण गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कळत नाही. म्हणूनच घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये. पाणी-चहाही पाजू नये, गिळता येत नसेल तर तो फुफ्फुसात जातो.

उशीर होण्याचं मोठं कारण म्हणजे हे बहुधा दुखत नाही. छातीत कळ आली की माणूस स्वतःच ओरडतो. इथे कप हातातून निसटतो, शब्द जड होतात, आणि घरचे म्हणतात, "झोप झाली नसेल, पित्त झालं असेल, जरा पडा." कधी कधी तर रोग्याला स्वतःला काही झाल्याचं कळतच नाही. तेव्हा ओळखायचं ते समोरच्यानं. हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओघळतंय का पाहा. दोन्ही हात समोर धरायला लावा, एक खाली येतो का पाहा. एखादं साधं वाक्य बोलून घ्या. यातलं एकही अचानक बिघडलं तर 108 लावा. अचानक तोल जाणं, दिसेनासं होणं किंवा कधी नव्हे इतकं भयंकर डोकं दुखणं, हेही त्यातलंच. आणि माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता ती वेळ कागदावर लिहून घ्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

कफर्णहूमच्या पक्षघाती माणसावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. तो स्वतः आला नव्हता, चौघांनी उचलून आणला. दारात गर्दी होती तर छप्पर उघडलं. विश्वासाबद्दल बोललं जातं ते योग्यच, पण मला त्या चौघांची घाईही दिसते. प्रार्थना जरूर करा, फक्त पाळकसाहेब येईपर्यंत रोग्याला घरी ठेवू नका. प्रार्थना गाडीतही होते. तेल चोळणारे, कबुतराचं रक्त लावायला सांगणारे आजही भेटतात. काही झटके आपोआप ओसरतात आणि श्रेय तेलाला मिळतं, एवढंच.

दहा मिनिटांत सगळं ठीक झालं, तरी "गेलं एकदाचं" म्हणून झोपू नका. तो इशारा असतो, आणि खऱ्या झटक्याचा धोका पुढच्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो.

ग्वाल्हेरच्या अटलबिहारी वाजपेयींची सारी ओळख वक्तृत्वाची. 2009 मध्ये त्यांना स्ट्रोक आला आणि बोलण्यावरच घाव बसला. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट 12 एप्रिल 1945 ला मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचं बीपी 300/190 मोजलं गेलं. त्या काळी बीपीवर धड औषध नव्हतं. आज ते स्वस्त आहे, आणि आपण "आता नॉर्मल आलंय" म्हणून ते बंद करतो! नॉर्मल आलं ते गोळीमुळे. बीपी हे स्ट्रोकचं सर्वांत मोठं कारण. मागोमाग शुगर, तंबाखू-गुटखा, आणि नाडीचे अनियमित ठोके, ज्याकडे कुणी बघतच नाही. मिठाचं जागतिक आरोग्य संघटनेचं माप दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरही नाही. आपलं पापड-लोणचं धरलं तर दुपारीच संपतं.

माझं म्हणणं असं की महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर चहाच्या टेबलावर बीपीचं मशीन ठेवावं. तरुण संघाने एकट्या राहणाऱ्यांची यादी करावी आणि प्रत्येकाच्या नावापुढे गाडी असलेल्या एका शेजाऱ्याचा नंबर लिहावा, मग तो कोणत्याही धर्माचा असो. कस्तुरबा, एम्स आणि जवळच्या खासगी रुग्णालयांत आत्ताच जाऊन विचारावं: रात्री दोन वाजता सीटी होतो का, गुठळीचं इंजेक्शन मिळतं का? उत्तरं यादीच्या मागे लिहून घ्यावीत, म्हणजे रुग्णवाहिका आली की कुठे न्यायचं यावर दारात चर्चा होणार नाही. मुलाला फोन गाडी निघाल्यावर करता येतो.