आडात नाही ते पोहऱ्यात

कर्नाटकात २०२४ साली दहावीच्या परीक्षागृहांत कॅमेरे बसविण्यात आले आणि त्यांचे चित्रण थेट पाहण्याची व्यवस्था झाली. आदल्या वर्षी ८३.८९ टक्के लागलेला निकाल ७३.४० टक्क्यांवर आला. हा आकडाही निखळ नव्हता. ग्रेस गुणांची सवलत त्या वर्षापुरती १० टक्क्यांवरून २० टक्के करण्यात आली होती. ती वाढ नसती तर निकाल ५३ टक्क्यांच्या आसपास राहिला असता. २०२५ मध्ये सवलत मागे घेतली गेली आणि निकाल आणखी खाली आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात उत्तीर्ण होण्याची किमान मर्यादा ३५ वरून ३३ टक्के करण्याचा निर्णय झाला.

मी बंगळुरूत केंद्र शासनाच्या सेवेत आहे. शिक्षण हे माझे खाते नाही. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि हिशेबाचे तक्ते वाचण्याची सवय जडलेला अधिकारी म्हणून या घटनाक्रमाचा अर्थ लावावासा वाटतो. कॅमेरे बसविण्याचा निर्णय धाडसाचा होता, कारण त्यामुळे वर्षानुवर्षे झाकलेली वस्तुस्थिती उघडी पडली. ३३ टक्क्यांच्या मर्यादेतही गैर काही नाही. केंद्रीय मंडळाची मर्यादा तीच आहे. मात्र यांपैकी कोणत्याही उपायाने एकाही मुलाला अधिक गणित येऊ लागत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? दहावी हा पोहरा आहे. आड आहे पहिली ते तिसरीचा वर्ग.

आपली शासनव्यवस्था खर्चाचा हिशेब उत्तम ठेवते. किती वर्गखोल्या बांधल्या, किती शिक्षक नेमले, उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेले की नाही, हे सारे नोंदले जाते. २००१ चे सर्व शिक्षा अभियान आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा यांनी हाच मार्ग धरला आणि त्याचे मोठे फळही मिळाले. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील ६ ते १४ वयोगटातील ९८ टक्के मुलांची नावे शाळेच्या पटावर आहेत. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले होते. ते फेटाळले गेले. तेथून आपण येथवर आलो, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच पाहणीत सरकारी शाळांतील तिसरीच्या केवळ २३.४ टक्के मुलांना, आणि पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांना, दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचता आला. मूल शाळेत आले. शिक्षण त्याच्यापर्यंत पोहोचले नाही.

यावर उपाय म्हणून ‘परीक्षा घ्या’ असे सहज सुचते. कर्नाटकाने तेही करून पाहिले. पाचवी, आठवी आणि नववीसाठी राज्यपातळीवरील परीक्षेचा निर्णय न्यायालयात गेला आणि एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालांना स्थगिती दिली. येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. मुलाची परीक्षा आणि शाळेचे मोजमाप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीचा अनुभव या राज्याला पूर्वीच आला आहे. २००२ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशन आणि राज्य शासन यांनी ईशान्य कर्नाटकात एक उपक्रम राबविला. शाळांनी स्वेच्छेने पुढे यावे, पटनोंदणी, उपस्थिती आणि प्रत्यक्ष शिकणे या तिन्ही कसोट्यांवर बाहेरच्यांकडून तपासून घ्यावे, अशी ती योजना होती. पुढे २००५-०६ च्या सुमारास राज्यातील शाळांच्या गुणवत्तेच्या मूल्यमापनासाठी स्वतंत्र संस्थाही उभी राहिली. त्यात नापास होण्याचा शिक्का मुलाच्या कपाळी बसत नव्हता.

अर्थात नुसत्या मोजमापानेही भागत नाही. मध्य प्रदेशातील शाळासुधार कार्यक्रमाचा कार्तिक मुरलीधरन आणि अभिजित सिंग यांनी केलेला अभ्यास प्रत्येक प्रशासकाने वाचावा असा आहे. शाळांचे मूल्यांकन झाले, सुधारणा आराखडे लिहिले गेले, कागदपत्रे चोख राहिली. मुलांच्या शिकण्यात आणि शाळेच्या कारभारात मात्र फरक आढळला नाही. तरीही त्या धर्तीची योजना देशभरातील लाखो शाळांत पोहोचली. कागद पूर्ण झाला की काम पूर्ण झाले, हा आपला जुना समज आहे.

मग फरक कशाने पडतो? म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ मध्ये सुरू झालेली ‘नली-कली’ पद्धत शिक्षकांच्या सहभागातून घडली. तीत प्रत्येक मूल आपल्या गतीने पायऱ्या चढते. प्रथम संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांना दररोज दोन तास वेगळे बसवून, स्थानिक तरुणींकरवी, त्यांना जेथपर्यंत येते तेथून शिकविले. त्या मुलांची प्रगती अभ्यासांती सिद्ध झाली. साताऱ्याच्या कुमठे बीटमधील शाळा पाहायला महाराष्ट्रभरातून शिक्षक गेले. या सर्वांत समान धागा एकच: शिक्षकाला अभ्यासक्रम ‘उरकण्या’च्या ओझ्यातून काही काळ मोकळे केले गेले.

यावरून मला तीन सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली, तिसरीच्या अखेरीस प्रत्येक तालुक्यात नमुना पद्धतीने वाचन आणि गणिताची तपासणी व्हावी. ती शिक्षण खात्याबाहेरच्या यंत्रणेने करावी आणि तालुकावार निष्कर्ष प्रसिद्ध करावेत. मुलाचे वा शिक्षकाचे नाव त्यात नसावे. जेथे शिक्षेचे भय असते तेथे आकडे खोटे होतात.

दुसरी, तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याला किमान तीन वर्षांचा स्थिर कार्यकाळ द्यावा आणि त्याच्या गोपनीय अहवालात आपल्याच तालुक्याच्या आधीच्या पातळीपेक्षा किती प्रगती झाली याची नोंद व्हावी. शिक्षक संघटना म्हणतात की मुलांची घरची परिस्थिती वाईट असते. ते खरेच आहे. बंगळुरूच्या सरकारी शाळांत तमिळ, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या स्थलांतरित मजुरांची मुले कन्नडमधून शिकतात. म्हणूनच पातळी न मोजता प्रगती मोजावी. त्यात कोणावर अन्याय होत नाही.

तिसरी, शिक्षकाचा वेळ शिक्षकाला परत द्यावा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढेच अपवाद ठेवले आहेत. तरी २०२५ मध्ये राज्याच्या सामाजिक व शैक्षणिक सर्वेक्षणाचे काम शिक्षकांवर आले आणि ते पुरे व्हावे म्हणून शाळांची दसऱ्याची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवावी लागली. सर्वेक्षणाची आवश्यकता हा स्वतंत्र विषय आहे. परंतु त्याची किंमत कोणत्या खात्यातून वळती झाली, हे कोठेही लिहिले गेले नाही. ती वर्गातल्या तासांतून वळती झाली.

जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकगणित यावे यासाठी २०२६-२७ हे लक्ष्यवर्ष ठरविले आहे. लक्ष्य गाठल्याचे प्रमाणपत्र कोण देणार, हा खरा प्रश्न आहे. ज्या खात्याने शिकवायचे त्याच खात्याने आपली उत्तरपत्रिका तपासली, तर शंभर टक्के निकाल लागण्यास काहीच अडचण नाही. त्या निकालावर विसंबून जे मूल चौथीत जाईल, त्याच्यासाठी सात वर्षांनी पुन्हा ग्रेस गुणांचा प्रस्ताव मांडावा लागेल.